रेडिओवरचा हशा कुठून येतो? (श्रोत्यांसमोर ध्वनिमुद्रित होणाऱ्या विनोदी मालिकेविषयी)

नगरकर

मंडळी, गेल्या आठवड्यात लंडनला बीबीसीच्या रेडिओ थिएटरमध्ये एका विनोदी मालिकेच्या दोन भागांचं ध्वनिमुद्रण बघून आलो. रेडिओचा कार्यक्रम ‘बघून’ आलो असं लिहिताना विचित्र वाटतंय, पण शब्द तोच बरोबर आहे. त्याबद्दल लिहायचं मनात होतंच. शिवाय इथे रेडिओवेडे बरेच आहेत.

पोर्टलँड प्लेसवरच्या ब्रॉडकास्टिंग हाऊसच्या पोटात हे छोटंसं नाट्यगृह आहे. इमारत १९३२ सालची. तिकीट फुकट असतं, पण नाव सोडतीत लागावं लागतं आणि लागलं तरी आत जायला मिळेलच असं नाही. खुर्च्यांपेक्षा जास्त तिकिटं वाटतात, कारण फुकटचं तिकीट घेऊन न येणारेही खूप असतात. म्हणून दोन तास आधी जाऊन रांगेत उभा राहिलो. पुढे एक आजी-आजोबा होते. दर मोसमात येतात म्हणे, डबा घेऊन.

रंगमंचावर नेपथ्य असं काही नाही. चार मायक्रोफोन, मागे ओळीनं खुर्च्या. नट आपापल्या रोजच्या कपड्यांत, हातात संहिता. ज्याचं वाक्य आलं तो उठून माईकपाशी येतो, बोलतो, परत जाऊन बसतो. पान उलटताना प्रत्येक जण हात कमरेपाशी, माईकपासून लांब नेत होता. दोन तासांत कागदाची सळसळ मला एकदाही ऐकू आली नाही.

डाव्या बाजूला एका टेबलामागे आवाज करणारी बाई उभी होती. तिच्यापुढे कडी-कुलूप-बेलसकट एक बुटका दरवाजा, खडीनं भरलेला ट्रे, कपबश्या आणि पाण्यानं भरलेली किटली. एका प्रसंगात पाहुण्याला चहा द्यायचा होता. बोलणारा नट हात खिशात घालून उभा, आणि त्याच्या शेजारी हातभर अंतरावर ही बाई त्याच्यासाठी चहा ओततेय, बशीवर कप टेकवतेय, चमचा फिरवतेय. तिची नजर सगळा वेळ त्याच्या ओठांवर. तो ‘साखर नको’ म्हणाला आणि तिचा चमचा त्याच क्षणी थांबला. लोक हसले. घरी ऐकणाऱ्यालाही ते कळेल, कारण चमचा थांबलेला ऐकू येतो.

आता ज्या क्षणासाठी हा धागा काढलाय त्याकडे येतो. दुसऱ्या भागात एका नटाचं अगदी साधं वाक्य होतं. ते संपलं, त्यानं पुढच्या वाक्यासाठी श्वास घेतला, आणि तेवढ्यात हशा फुटला. आधी पुढच्या रांगांत, मग मागून लाट आल्यासारखा. त्यानं तो घेतलेला श्वास तसाच धरून ठेवला. छाती फुगलेली, भुवई किंचित वर. हशा चढला, उतरणीला लागला, आणि पुरता विरायच्या जरासा आधी त्यानं पुढचं वाक्य टाकलं. त्यावर दुप्पट हशा. संहितेत ती जागा लिहिलेली नसणार. ती आम्ही ३०० जणांनी आणि त्यानं मिळून तिथल्या तिथे तयार केली.

आणि नेमक्या त्याच वेळी खालून गाडी गेली. लंडनच्या भुयारी रेल्वेच्या बेकरलू लाइनचा बोगदा जवळच आहे, त्या थिएटरात तिची घरघर पायांना जाणवते. सगळं संपल्यावर निर्माती बाहेर आली आणि म्हणाली, काही तुकडे पुन्हा घ्यायचेत, तुम्ही पहिल्यांदा ऐकताय असं समजून हसा. तेही वाक्य पुन्हा घेतलं. नट तोच, वाक्य तेच, आम्हीही मनापासून हसलो. पण तो श्वास आला नाही. आता यातलं कोणतं वाजवतील याची हुरहुर लागलीय.

नगरचा माणूस असल्यामुळे आणखी एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. या प्रकारच्या विनोदाला ज्यानं मुळापासून हलवलं तो स्पाइक मिलिगन १६ एप्रिल १९१८ रोजी आमच्या अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला जन्मला. वडील ब्रिटिश भारतीय फौजेत. बालपण पुण्याच्या कँपात आणि पुढे रंगूनमध्ये गेलं. पीटर सेलर्स, हॅरी सीकम आणि सुरुवातीला मायकेल बेंटीन यांच्यासोबतचा त्याचा बीबीसी रेडिओवरचा ‘गून शो’ २८ मे १९५१ ला सुरू झाला आणि २८ जानेवारी १९६० ला संपला. बरेच भाग लंडनच्या कॅम्डन थिएटरमध्ये लोकांसमोर मुद्रित झाले. १९०० साली उघडलेलं ते नाट्यगृह अजून उभं आहे, आता ‘कोको’ नावानं तिथे गाण्यांचे कार्यक्रम होतात. परत येताना मुद्दाम तिकडून आलो. नगरात जन्मलेल्या पोराच्या डोक्यातलं वेड इथल्या खुर्च्यांवर बसून लोकांनी पहिल्यांदा ऐकलं, या विचारानं बराच वेळ समोरच्या फुटपाथवर उभा होतो.

स्वरदा

फार सुंदर लिहिलंय. चमच्याचा प्रसंग डोळ्यांसमोर आला.

एक शंका. आम्ही टीव्हीवर मागून हशा ऐकत मोठे झालो आणि तो खोटा असतो हेही लवकरच कळलं. त्यामुळे रेडिओवर हशा ऐकला की माझं मन आपोआप बंद होतं. हा खरा असेल यावर विश्वास कसा ठेवायचा?

ध्वनिवेडा

स्वरदा, तुमची शंका रास्त आहे. आणि गंमत अशी की खोट्या हशाचा जन्मही रेडिओवरच झाला.

दुसऱ्या महायुद्धानंतर जॅक मलिन नावाच्या अमेरिकन फौजेतल्या अभियंत्यानं जर्मनीतून मॅग्नेटोफोन ही टेपवर मुद्रण करणारी यंत्रं मायदेशी नेली. बिंग क्रॉस्बीला दर आठवड्याला थेट प्रक्षेपण नको होतं. त्यानं १९४७ पासून आपला कार्यक्रम टेपवर घ्यायला सुरुवात केली. टेप आली की कात्री आलीच. मलिननं पुढे सांगितलंय, की एकदा बॉब बर्न्स या विनोदवीरानं जरा चावट किस्से सांगितले. ते वाजवता येण्यासारखे नव्हते, पण हशा प्रचंड आला होता. तो टेपचा तुकडा त्यांनी जपून ठेवला. काही आठवड्यांनी एक कार्यक्रम फिका पडला, तेव्हा तोच हशा त्यात चिकटवला. तिथून सुरुवात.

पण खरा हशा ओळखता येतो. खोटा एकदम येतो आणि एकदम जातो. खऱ्याला सुरुवात असते, कुणीतरी एक जण आधी हसतो. शेवटी शेपूट असतं, कुणीतरी उशिरा समजून हसतो. आणि मुख्य म्हणजे खऱ्या हशानंतर नटाचा आवाज बदललेला असतो. नगरकरांनी जो श्वास पाहिला तो कुठल्याही डबाबंद हशातून येणार नाही.

जुनी_श्रुतिका

नगरकर, तुमच्या त्या कागदाच्या वाक्याला माझ्याकडून पैकीच्या पैकी गुण. आकाशवाणीवर नैमित्तिक नाट्यकलाकार म्हणून मी बरीच वर्षं काम केलं. पहिल्या दिवशी आमच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांनी संहितेचा स्टेपल काढून टाकायला लावला होता. पानं सुटी ठेवायची, वाचून झालेलं पान हळूच मागे सरकवायचं. आजही मी कुठलाही कागद आवाज न करता उलटते. घरचे लोक दचकतात.

आमच्या विनोदी श्रुतिका बंद स्टुडिओत व्हायच्या. जाड दार, लाल दिवा, भिंतीला भोकाभोकांचे तक्ते. बाहेरचं चिटपाखरू आत ऐकू यायचं नाही. विनोदी वाक्य बोललं की ते भिंतीत मुरायचं. समोर प्रेक्षक नाही, हशा नाही, काही नाही. काचेपलीकडे हेडफोन लावून बसलेला ड्यूटीवरचा माणूस, तेवढाच आमचा श्रोता. त्याचा आवाज आम्हाला यायचा नाही, फक्त दिसायचा. त्याचे खांदे हलले की आम्ही समजायचो, जमलं. एकदा एका वाक्याला तो खुर्चीत वाकून टेबलाखाली दिसेनासा झाला. माझ्या सोबतचे नट पुढचं वाक्य विसरले आणि सगळं पहिल्यापासून घ्यावं लागलं. त्या दिवशीची श्रुतिका आमची सर्वांत चांगली झाली होती असं मला आजही वाटतं.

म्हणून तुमचा धागा वाचून पोटात कालवलं. निमंत्रित श्रोत्यांसमोर मुद्रण ही गोष्ट आपल्याकडे नवी नाही हो. १९५४ पासून आकाशवाणीचं संगीत संमेलन निमंत्रितांसमोरच होत आलं. बुवांना समोर माणसं लागतात, दाद लागते, हे सगळ्यांना पटलेलं होतं. विनोदाला ती त्याहून जास्त लागते, असं माझं ठाम मत आहे. गाणाऱ्याला निदान तानपुरा तरी साथीला असतो.

एकलव्य७

सगळे एका सुरात बोलताय म्हणून दुसरी बाजू मांडतो. मला हशा नको असतो. रेडिओ हे एकट्यानं ऐकायचं माध्यम आहे. रात्री दिवा मालवून उशीपाशी ठेवलेला ट्रान्झिस्टर, आणि त्यात ३०० माणसं हसताहेत. ती माझ्या खोलीत कशाला? कुठे हसायचं ते माझं मी ठरवेन. ताईंची बंद स्टुडिओतली श्रुतिका मी ऐकली असेल तर ती माझ्याशी बोलली होती. नगरकरांचा नट मात्र पुढच्या रांगेशी बोलतोय.

दुसरं असं, की समोर प्रेक्षक असले की नट तोंडं करतात, हातवारे करतात. तिथले लोक हसतात आणि घरचा श्रोता नुसता बघत राहतो, तेही काही न दिसता.

नगरकर

एकलव्य, तुमचा दुसरा मुद्दा शंभर टक्के मान्य. हा या प्रकारातला खरा दोष आहे. ‘गून शो’च्या जुन्या मुद्रणांतही मध्येच असा हशा येतो की काय झालं तेच कळत नाही. मिलिगनचा एक किस्सा नेहमी सांगतात. त्याला एक विशिष्ट ‘फच्च’ आवाज हवा होता. त्यानं कॅन्टीनमधून कस्टर्ड मागवलं, स्वतःचा मोजा काढून त्यात भरलं आणि आपटलं. आवाज घरी पोचला असेल, मोजा नाही पोचला. मी पाहिलेल्या मुद्रणात निर्मातीनं सुरुवातीलाच नटांना सगळ्यांदेखत बजावलं होतं, जे ऐकू येणार नाही त्यावर लोकांना हसवू नका.

पण पहिला मुद्दा नाही पटला. शांतता हवी असेल तर ती लोकांसमोरच जास्त खोल होते. टोनी हॅन्कॉक या विनोदी नटाच्या रेडिओ मालिकेत रविवार दुपारच्या कंटाळ्यावरचा एक भाग आहे, एप्रिल १९५८ मधला, गॅल्टन आणि सिम्प्सन यांनी लिहिलेला. त्यात काहीच घडत नाही. माणसं उसासे टाकतात, जांभया देतात, गप्प बसतात. रेडिओवर गप्प बसणं म्हणजे केवढं धाडस! ती शांतता लांबत जाते आणि समोरच्या लोकांना आतून गुदगुल्या व्हायला लागतात, तेही आपल्याला ऐकू येतं. रिकाम्या स्टुडिओत तेवढा वेळ कुणी गप्प बसलं असतं तर घरच्या माणसानं उठून रेडिओचं बटण तपासलं असतं.

अनघा_लेस्टर

लेख आवडला, पण एक गोष्ट मनात टोचतेय ती लिहिते.

‘गून शो’मध्ये लालकाका आणि बॅनर्जी अशी दोन पात्रं आहेत. मिलिगन आणि सेलर्स ती करायचे, इंग्रजांना जसे भारतीय ऐकू येतात तशा हेलात. माझे सासरे १९६० च्या दशकात इथे इंग्लंडला आले. फॅक्टरीत त्यांच्याशी लोक त्याच हेलात बोलायचे, आणि त्यांनी हसून साजरं करावं अशी अपेक्षा असायची. मिलिगनचं नगर-पुण्यावर प्रेम होतं हे मी नाकारत नाही. त्यानं ते आवाज लहानपणी स्वतःच्या कानांनी ऐकलेले होते. पण कॅम्डनच्या त्या थिएटरात त्या आवाजांना जो हशा आला, त्या हशात आमच्यासारखं कुणी बसलेलं नव्हतं. मुद्रणात हशा पकडला जातो तेव्हा त्या खोलीत कोण होतं तेही कायमचं पकडलं जातं.

म्हणूनच १९९६ मध्ये बीबीसीच्या रेडिओ ४ वर ‘गुडनेस ग्रेशस मी’ हा विनोदी कार्यक्रम सुरू झाला त्याचं मोल आमच्या घरात फार होतं. संजीव भास्कर, मीरा स्याल, कुलविंदर घीर आणि आपल्या मुंबईत जन्मलेली नीना वाडिया. आधी त्याचं नाव ‘पीटर सेलर्स इज डेड’ ठेवायचं चाललं होतं, हे कळल्यावर सासरे कितीतरी वेळ नुसते मान हलवत होते. त्या कार्यक्रमातला हशा वेगळा होता. आमच्या ओळखीचा होता. भारतीय मित्रमंडळी ‘इंग्लिश’ खायला हॉटेलात जातात आणि सगळ्यात मिळमिळीत पदार्थ मागवतात, त्या प्रसंगाला सासरे हसले तेव्हा डोळे पुसत होते.

नगरकर

अनघाताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मी कॅम्डनच्या फुटपाथवर उभा होतो तेव्हा हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं, यायला हवं होतं. खोलीत कोण होतं तेही पकडलं जातं, हे वाक्य मी विसरणार नाही.

परळकर

अनघाताईंना अनुमोदन. त्याच धाग्याला एक गाठ माझी.

‘जस्ट अ मिनिट’ हा रेडिओ ४ चा खेळ १९६७ पासूनचा. एका विषयावर ६० सेकंद बोलायचं, अडखळायचं नाही, शब्द पुन्हा वापरायचा नाही, विषय सोडायचा नाही. २०१२ मध्ये त्याचे दोन भाग मुंबईत, कॉमेडी स्टोअरमध्ये मुद्रित झाले. सूत्रधार निकोलस पार्सन्स, आणि खेळाडूंत पॉल मर्टन आणि मार्कस ब्रिगस्टॉक यांच्यासोबत आपले सायरस ब्रोचा आणि अनुवब पाल. मला जाता आलं नाही याची रुखरुख आहे. पण नंतर ते भाग ऐकले आणि काय वाटलं सांगू? हशाचा पोत वेगळा. आपल्या लोकांना हसता हसता टाळी द्यायची सवय असते, शेजाऱ्याच्या मांडीवर थाप मारायची सवय असते. लंडनचा हशा वर जातो, आपला आडवा पसरतो. हे माझ्या कानांचं मत, यंत्रानं मोजलेलं नाही.

ध्वनिवेडा

आडवा पसरतो. वा! असा हशा पकडायचा तर माईकही तसे लावायला हवेत. इथे माझं जुनं दुखणं सांगतो.

काही वर्षांपूर्वी एका संस्थेनं मराठी विनोदी श्रवणमालिकेचं मुद्रण लोकांसमोर ठेवलं होतं. आवाजाचं काम माझ्याकडे. नट उत्तम, रंगभूमीवर मुरलेले. मी प्रेक्षकांसाठी चार वेगळे माईक मागितले. आयोजक म्हणाले, नटांसमोर माईक आहेत की, त्यात हशा येईलच. सभागृहाचे पंखे बंद करायला सांगितले, तर मे महिना आहे, लोक उठून जातील म्हणाले. दोन्ही ठिकाणी मी नमतं घेतलं. आजही त्याचा राग येतो.

प्रयोग असा रंगला की लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी होते. घरी येऊन ऐकलं तर नटांचा आवाज स्वच्छ, त्याखाली पंख्यांची अखंड घूं, आणि हशा म्हणजे शेजारच्या बिऱ्हाडात कुणीतरी हसतंय असा. वर एका वाक्याला लोक हसले म्हणून नट थांबले होते. हशा नीट न आल्यामुळे ऐकणाऱ्याला वाटायचं की ते वाक्य विसरलेत. सगळ्यात सुंदर जागा सगळ्यात वाईट ऐकू आली. ती मालिका कधीच बाहेर आली नाही.

कुणी करणार असेल तर कळकळीनं सांगतो. प्रेक्षकांच्या डोक्यावर, साधारण तिसऱ्या आणि सातव्या रांगेवर माईक टांगा. तो आवाज वेगळ्या ट्रॅकवर घ्या, म्हणजे नंतर कमीजास्त करता येतो. सभागृहातले स्पीकर जेमतेम ऐकू येतील इतकेच ठेवा, नाहीतर नटाचा आवाज स्पीकरमधून परत प्रेक्षकांच्या माईकमध्ये शिरतो आणि सगळं विहिरीत बोलल्यासारखं होतं. शिवाय लोकांना थोडं वाकून ऐकावं लागलं की ते जास्त हसतात, हा माझा अनुभव.

जुनी_श्रुतिका

ध्वनिवेडा, नटानं हशा पुरा होऊ न देता पुढचं वाक्य टाकलं की नाटकवाले म्हणतात ना, लाफ्टर खाल्लास म्हणून. इथे यंत्रानं लाफ्टर खाल्ला. वाईट वाटलं वाचून.

स्वरदा

परवापासून हा धागा डोक्यातून जात नाहीये. आमच्या अभिवाचनाच्या गटात नऊ जण आहोत. एकीनं सोसायटीतल्या भांडणांवर पंधरा-पंधरा मिनिटांचे सहा भाग लिहिलेत, पडूनच होते. आमच्या इथल्या शाळेचं सभागृह रविवारी सकाळी मिळतंय. साठ माणसं बसतात. ध्वनिवेडा, तुम्ही पुण्यात असता का? आणि ताई, तुम्ही?

ध्वनिवेडा

पिंपरीत असतो. माईक माझे, मानधन नको. अट एकच, पंखे बंद.

जुनी_श्रुतिका

मी येते. दाराचा आवाज माझ्याकडे लागला. आमच्या जुन्या वाड्याच्या दाराची कडी मी काढून ठेवलीय, तिच्यासारखी कडी आता मिळत नाही. टापांच्या आवाजासाठी करवंट्याही आहेत, पण सोसायटीत घोडा कुठून येणार!

एकलव्य७

मी पण येईन. मागच्या रांगेत बसेन. हसू आलं तरच हसेन.

स्वरदा

ठरलं तर. रविवारी अकराला. पंखे बंद असतील, सगळ्यांनी हातपंखे आणा. कागदी नको, सळसळतात. वेताचे आणा.

नगरकर

स्वरदा, पहिला भाग झाला की दुवा इथेच द्या, वाट बघतोय.

काल रात्री माझा तो भाग लागला. हेडफोन लावून, दिवा मालवून ऐकला. ते वाक्य आलं, हशा चढला, उतरायला लागला, आणि मी खुर्चीच्या कडेला येऊन बसलो. त्यांनी पहिलाच टेक ठेवलाय. श्वास तसाच आहे. हशाच्या खाली, अगदी तळाशी, बेकरलूची घरघर ऐकू येते.